कातळवेळचे अर्धे गाऱ्हाणे

कातळवेळच्या रवळनाथापुढे कधी गाऱ्हाण्याला थांबलात, तर एक गोष्ट ध्यानात येईल. गुरव साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्याला गाव 'व्हय म्हाराजा!' म्हणत देऊळ दणाणून सोडते. आमची माणसे तशी भारी गळ्याची. साधी चौकशी केली तरी भांडण वाटावे. पण शेवटी गुरव मध्येच थांबतो आणि सारे हात जोडून गप्प उभे राहतात. पाहुण्यांना वाटते, म्हातारा पुढचे विसरला. तो विसरलेला नसतो.

असे सांगतात, की फार पूर्वी इथे सगुणा नावाची मासे विकणारी विधवा राहत होती. तिला लखू हा एकुलता एक मुलगा. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटायची नाही, ही गावाची रीत. पण त्या आषाढात सगुणेच्या घरची चूल पेटत नव्हती. आईचे उपाशी तोंड बघवेना, म्हणून लखूने होडी लोटली. दुपारी वादळ उठले. त्याला शोधायला दोन होड्या गेल्या, त्याही दिसेनाशा झाल्या.

गाव देवळात जमले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, शोधूक गेल्ल्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मानकऱ्यांनी डोळे वटारले, तसा तो चाचरत पुढे म्हणाला, "आणि जेणा रीत मोडल्यान, तेका दर्यातच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारे गाव ओरडले.

सगुणा खांबाला टेकून उभी होती. नको म्हणावे, तर रीत मोडली हे खरे, आणि दुसऱ्यांची पोरेही लखूपायीच दर्यात गेलेली. तिने पदर तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि ओठही न हलवता काहीतरी मागितले.

संध्याकाळी दोन्ही होड्या परतल्या. लखू आला नाही. एक होडी खडकावर आपटणार होती, तिला त्यानेच दोर टाकून ओढून काढले होते म्हणे. दोर सोडवून तो वळला, तोच लाटेने त्याला नेले.

गाव मान खाली घालून सगुणेच्या दारात गेले. गुरव रडत म्हणाला, उद्या पुन्हा गाऱ्हाणे घालतो, मागितलेले परत घेतो.

"आता मोठ्यान नको, गुरवानू," सगुणा म्हणाली. "जेका जा व्हया, ता तेणा मनात मागूचा."

तिने काय मागितले होते, ते तिने कधीच सांगितले नाही. काही म्हणतात, तिने दुसऱ्यांची पोरे मागितली, म्हणून त्या होड्या आल्या. मला ते पटत नाही. आईच ती, तिने लखूच मागितला असणार, आणि तो तिला मिळाला नाही. तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती त्याच खांबापाशी हात जोडून उभी होती. मरेपर्यंत येत राहिली.

आजही शेवटच्या मागण्यापाशी गुरव थांबतो. ज्याचे त्याने मनात मागायचे, आणि बाहेर पडताना काय मागितलेस म्हणून कोणी कोणाला विचारायचे नाही. जत्रेत देवळात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाही त्या खांबाशी कोणी उभे राहत नाही. ती जागा सगुणेची आहे.