चिंचोक्याचा डाव

माणसांनी शाळा काढल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याकाठी परदेशी करकोची थव्यामागे एकटी राहिली. तिला उडता येत नव्हतं, आणि का ते सांगायला तिथली भाषा येत नव्हती. राघूगुरुजी तिच्याकडून रोज शब्द घोकून घेत आणि चुकली की रागावत. शेवटी तिने बोलणंच सोडलं.

मग खारूताईने खेळ मांडला. ती चिंचोका लपवी आणि करकोची ओळखी.

"पानाखाली?"

"नाही."

"दगडामागे?"

जिंकायच्या नादात करकोची लाजणं विसरली आणि भराभर बोलू लागली. एका डावात ती मध्येच थांबून म्हणाली, "माझ्या पंखाखाली काटा आहे. दुखतो."

गुरुजींनी चोचीने काटा अलगद उपसला. मग ते म्हणाले, "खारूताई, पुढच्या डावात मलाही घे."