तेलिणीच्या गळ्यातला सम्राट

आपले खापरपणजोबा रांगतही नव्हते, तेव्हाची गोष्ट. रोमहून सोन्याचं एक नाणं तगर गावच्या सोनाराकडे आलं. एका बाजूला सम्राटाचं बाकदार नाकाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला पंखवाली देवी.

"ए काळ्या, नमस्कार कर! अर्धं जग माझं आहे," नाणं कसोटीच्या दगडावर खेकसलं.

"असेल बाबा. मला सोनं कळतं, नाक नाही," दगड म्हणाला.

इतक्यात सामा तेलीण गळ्यात घालायला पदक घ्यायला आली. नाणं हरखलं. आता आपला चेहरा गावभर मिरवणार!

सामानं ते उलटसुलट पाहिलं. "अगं बाई, हा पोपटनाक्या कोण? थेट माझा सासरा! सोनारदादा, ही देवीच दिसू द्या."

सोनारानं देवीच्या डोक्यावर भोक पाडलं. पण रोमच्या कारागिरांनी मागचा चेहरा नेमका देवीच्या उलट, डोकं खाली असा ठोकलेला. झालं! देवी झोकात उभी राहिली आणि मागे सम्राट वटवाघळासारखा लोंबकळला, नाक सामाच्या घामात.

बाजारात जो तो देवीला वाकून हात जोडू लागला. आतून सम्राटाचा घुसमटलेला आवाज येई, "असू द्या, असू द्या! उठा आता!"