गोजराबाईच्या पिंडाला कावळा शिवेना

अवधगिरी महाराज एका गावात फार दिवस राहत नसत. पण त्या वर्षी शिमगा सरता सरता ते सिंदफणेच्या काठच्या पिंपळदऱ्याला आले आणि चैत्र उलटून वैशाख लागला तरी त्यांचा पाय तिथून निघेना. गावकऱ्यांनी देवळात त्यांची सोय केली होती. महाराजांनी मात्र नदीच्या दरडीवरच्या कडुनिंबाखाली घोंगडी अंथरली आणि "इथं बरं आहे" एवढंच म्हणून विषय संपवला. महाराज फार थोडं बोलत. भक्तहो, थोडं बोलणाऱ्या साधूपुढे माणसाची मोठी पंचाईत होते. समोरून काही येत नाही म्हटल्यावर आपल्याच पोटातलं बाहेर येऊ लागतं.

त्या दरडीवरून खाली पाहिलं की पांढऱ्या वाळूचं पात्र दिसे आणि त्या एवढ्या वाळूत एकच खोप दिसे. ती म्हाळू भोयाची.

पिंपळदऱ्याचे भोई पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात कलिंगडं लावत. पाणी आटलं की वाळूत आळी खणायची, शेणखत घालून बी टोकायचं आणि राखणीसाठी तिथेच खोपी घालून बायकापोरांसकट चार महिने काढायचे, अशी त्यांची रीत. आदल्या वर्षी अशा सहा खोपी होत्या. वैशाख वद्य पंचमीला दुपारी वरच्या अंगाला कुठेतरी वळीव झाला. इथे आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, ऊन रणरणत होतं, आणि त्या उन्हातच नदी भिंतीसारखी उभी राहून आली. वाळूत बारा माणसं होती. अकरा गेली. म्हाळू वाचला. त्याची बायको गोजराबाई त्या अकरांत होती.

गोजराबाईचं शव मिळालं नाही. दहाव्याला म्हाळूने काठावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, की कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या जिवाची काही इच्छा मागे राहिली. ती ओळखून शब्द द्यावा लागतो. म्हाळूने शब्द द्यायला सुरुवात केली. "तुझ्या बहिणीचं लगीन मी लावून दीन." कावळा आला नाही. "तुझ्या आईला लुगडं घीन." नाही. "तुझी शेळी इकणार न्हाई." तरी नाही. शेवटी जोशीबुवांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकून घेतलं. पण म्हाळूच्या मनाचं समाधान काही दर्भाने होईना.

त्या दिवसापासून दर अमावास्येला तो काठावर भाताचा गोळा मांडून बसू लागला. कधी ठेचा-भाकरी, कधी गूळ, एकदा तर तिला आवडायची म्हणून मिसरीची डबी. हात जोडून "काव, काव" करत तो आभाळाकडे पाहत राही. पुरात काठाच्या बाभळी वाहून गेल्यापासून कावळे तिकडे फिरकतच नव्हते. गावात थट्टा सुरू झाली. म्हाळू कावळ्यांना पंगत घालतोय, म्हणत. बायका म्हणत, विसर आता, दुसरी कर. म्हातारे म्हणत, देवाची मर्जी. जो तो काहीतरी सांगून मोकळा होई आणि आपल्या वाटेने जाई. म्हाळूला माणसांत बसवेना. गर्दीत तर तो जास्तच एकटा पडे. दुरून गाडीचा खडखडाट आला तरी त्याचे पाय दरडीकडे पळत. नदी आली असं वाटे त्याला.

सगळ्यांत तिखट जीभ होती त्र्यंबकराव देशमुखांची. गावचे मानकरी, शब्द खाली पडू न देणारे. त्यांचा धाकटा भाऊ यशवंत त्याच दुपारी कलिंगडं आणायला म्हणून वाळूत उतरला होता आणि त्या अकरांत गेला होता. म्हाळू समोर दिसला की त्र्यंबकराव ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सोन्यासारखी माणसं गेली आणि हा धोंडा तेवढा तरला." म्हाळू मान खाली घालून पुढे जाई. खरं सांगायचं तर त्याला ते पटत असे.

महाराज आल्यावर तो रोज पहाटे त्यांच्यासाठी पाण्याची घागर आणून ठेवी आणि दहा हात लांब बसे. महाराज त्याला काही विचारत नसत, उपदेशही करत नसत. एके दिवशी त्यांनी नुसती घोंगडी थोडी सरकवून जागा केली. म्हाळू त्या जागेवर बसला नाही, पण दुसऱ्या दिवशी दहा हातांवरून पाच हातांवर आला.

वर्षश्राद्धाची तिथी उजाडली. म्हाळूने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज कावळा शिवला तर ठीक. नाही शिवला तर गोजराने आपल्याला माफ केलेलं नाही, आणि मग जिथे ती गेली त्या डोहात आपणही जायचं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण?

काठावर त्या दिवशी दोन ठिकाणी तयारी होती. एकीकडे देशमुखांचा थाट. चार ब्राह्मण, चांदीची भांडी, केळीची पानं. पन्नास पावलांवर म्हाळू, एक दगड आणि त्यावर एक पिंड. उरलेल्या नऊ जणांचं करणारं घरात कुणी राहिलं नव्हतं, म्हणून त्याने पत्रावळीवर त्यांच्या नावाने भात वाढला होता. महाराज कडुनिंबाखाली बसून सगळं पाहत होते.

सूर्य डोक्यावर आला. कावळा नाही. सावल्या लांबू लागल्या. तरी नाही. देशमुखांच्या जोशीबुवांनी इकडे तिकडे पाहून हळूच दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि ब्राह्मण पानावर बसले. म्हाळू मात्र उठला नाही. त्याचं शब्द देणं सुरूच होतं. "खोप मोडीन. गाव सोडीन. सांग की गं, काय पायजे तुला?"

त्र्यंबकराव हात धुऊन तिकडे आले. "म्हाळ्या, कशाला कावळ्याचा खोळंबा करतोस? बायकोला बुडवून जीव वाचवलेल्याच्या हातचं पाखरूसुद्धा खायचं नाही."

चार जण हसले. म्हाळू उठला. त्याने त्र्यंबकरावांना हात जोडले, जणू निकाल ऐकला, आणि तो डोहाच्या दिशेने चालू लागला. तो कुठे निघालाय हे हसणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही. महाराजांच्या मात्र आलं. सत्तरीचे महाराज दरड उतरून वाळूतून झपझप आले आणि त्याच्या बरोबरीने चालू लागले. त्यांनी त्याला अडवलं नाही. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा महाराज म्हणाले, "म्हाळू, त्या दिवशी तू कुठं होतास? मला ती जागा दाखव."

म्हाळू थबकला. वर्षभरात त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पूर आला, अकरा गेले. यात विचारायचं काय?

त्याने बोट केलं. "तिथं. बाभूळ हुती महाराज. एका हातानं फांदी, एका हातानं तिचं मनगट."

"मग?"

"मग पाणी."

"किती वेळ धरला होतास हात?"

"ऊन त्या टेकडीमागं जाईस्तोवर." म्हाळूने आपल्याच हाताकडे पाहिलं. "लोक म्हनत्यात हात सुटला. सुटला न्हाई महाराज. म्या सोडला. खांद्यातलं बळ सरलं. म्या म्हनलो, आता आपुन दोघंबी जानार. आन् म्या बोटं सैल केली. माझं मला कळत हुतं. तिनं बघितलं माझ्याकडं. ती वरडली न्हाई. नुसतं बघितलं."

भक्तहो, आपण असतो तर इथे काय म्हणालो असतो? "तुझा दोष नाही रे," म्हणालो असतो आणि त्याचं तोंड बंद केलं असतं. महाराज तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हाळूचं उजवं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं. म्हणाले, "तू जितका वेळ तिला धरलंस तितका वेळ मी तुला धरतो. तू बोल."

आणि म्हाळू बोलला. तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, पाण्याला वास कसला होता, पोरं कुठल्या फांदीला होती आणि कोण कुणाला हाका मारत होतं, हे सगळं त्याने सांगितलं. मध्येच तो थांबे, पुन्हा तेच सांगे, कधी नुसता रडे. महाराज "मग?" म्हणत. एवढंच. महाराजांची म्हातारी बोटं आखडली, खांदे भरून आले, तरी पकड सैल झाली नाही. काठावरचे लोक उठून उभे राहिले होते. कुणी हसत नव्हतं. आणि पाहणाऱ्यांनी आपल्या नातवंडांना सांगितलेली गोष्ट अशी, की एवढा वेळ गेला पण दगडाची सावली होती तिथून तसूभर पुढे सरकली नाही.

म्हाळूचं सांगणं संपलं तेव्हाच ऊन टेकडीमागे गेलं. महाराज म्हणाले, "तिची इच्छा मागे राहिली नव्हती रे. तुझी राहिली होती."

तेवढ्यात पंखांचा आवाज झाला. पूर्वेकडून एक कावळा आला, सरळ दगडावर उतरला आणि त्याने गोजराबाईच्या पिंडाला चोच लावली. म्हाळू पाण्यात उभा राहून पाहत राहिला. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला. जोशीबुवा मोजू लागले. नऊ कावळे पत्रावळीवर बसले. एकूण दहा झाले. मग अकरावा आला. तो देशमुखांच्या चांदीच्या ताटांवरून गेला, दर्भ लावलेला पिंड त्याने बाजूने पाहिला आणि त्याला न शिवता त्र्यंबकरावांच्या पुढ्यात वाळूवर येऊन बसला. बसूनच राहिला.

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. ते धावत पाण्यात शिरले आणि महाराजांच्या पायांशी वाकू लागले. "महाराज, यशवंताच्या दहाव्यालाही शिवला नव्हता. मी दर्भ लावला आणि कुणाला कळू दिलं नाही. त्याच्यासाठी काय करू? काय देऊ?"

महाराजांनी पाय मागे घेतले. म्हाळूचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी आता सोडलं. "मला काय विचारता? मी नव्हतो तिथं. जो होता त्याला विचारा."

देशमुख आणि भोई समोरासमोर उभे राहिले, दोघेही गुडघाभर पाण्यात. वर्षभर त्र्यंबकराव ज्याच्यावर थुंकत होते, त्याच्याच डोळ्यांनी त्यांच्या भावाला शेवटचं पाहिलं होतं. ते ऐकायची हिंमत नव्हती म्हणून तर एवढी जीभ चालवली होती.

"म्हाळू," त्र्यंबकरावांनी विचारलं. "यशवंत भ्याला होता का रे?"

म्हाळूला खोटं सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. "भ्याले हुते मालक. समदेच भ्यालो हुतो. दादा, दादा म्हनत हुते."

त्र्यंबकराव पाण्यातच गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी म्हाळूच्या पायांना मिठी मारली. मागे काठावर कावळा कधी पिंडाला शिवला ते त्यांनी पाहिलंही नाही. म्हाळूने वाकून त्यांना खांद्याला धरलं, उठवलं आणि वाळूवर आणून बसवलं. गोजराबाई काही परत येणार नव्हती. तरी त्या संध्याकाळी म्हाळूच्या शेजारी वाळूवर एक माणूस बसला होता. महाराज ओल्या कपड्यांनिशी दरड चढून आपल्या घोंगडीकडे निघाले होते.

बऱ्याच वेळाने त्र्यंबकरावांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "आणखी सांग."