आढ्यावरची पाल

फार वर्षांपूर्वी एका कारभाऱ्याच्या घरात आढ्यावर एक पाल राहायची. कारभारी खोटं बोलला की ती चुकचुकायची, आणि लगेच तिच्या दिशेनं केरसुणी भिरकावली जायची.

"शेपटी जप, बाई. गप्प राहा," शेजारच्या जाळ्यातला कोळी म्हणाला.

पाल गप्प झाली. पण तिला चैन पडेना. या भिंतीवरून त्या भिंतीवर नुसती फिरायची. तोंडात धरलेला किडाही घशाखाली उतरेना.

एके दिवशी कारभारी पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या घरात बोलायची भीती कुणालाच नाही."

पाल चुकचुकली. केरसुणी नेमकी बसली. तुटलेली शेपटी पाहुण्यांपुढे वळवळू लागली.

"झालं समाधान?" कोळ्यानं विचारलं.

"शेपटी येईल परत," पाल म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी तिनं समोरचा किडा मटकावला.