रंभाजीची शिरगणती

हिंगणपिंप्रीत रंभाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. गावाला त्याचाच त्रास होता.

गावात दवाखाना नव्हता. हजार माणसं भरली तरच मिळेल, असं तालुक्यानं कळवलं होतं. त्याहून कमी माणसं आजारी पडत नाहीत, असा तिथल्या साहेबांचा अभ्यास होता. रंभाजीच्या बायकोचे, केशरचे, दिवस भरत आले होते. म्हणून ग्रामसेविका दहिफळे मॅडमनी "मोजणीला माणूस हवाय" म्हणताच तो सगळ्यांच्या आधी उभा राहिला.

"आधी सराव करा," मॅडम म्हणाल्या. "तळ्यावरची बदकं मोजून या."

संध्याकाळी तो आला. "चार हजार तीनशे."

"अहो, बदकं वीस आहेत!"

"पण फिरत होती ना मॅडम. समोर आली की मोजली."

"मोजलेल्याला रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपकेवाला पुन्हा मोजायचा नाही. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी त्याला गावात पाठवलं. तो ऑइलपेंटचा डबा घेऊन गेला. सरपंचांकडे मुलगी बघायला पाहुणे आले होते. रंभाजीनं मुलाच्या कपाळावर हिरवा ठिपका दिला. मुलाच्या वडलांच्या टकलावर जागा जास्त होती, तिथं मोठा दिला. पाहुणे चहा न घेताच उठले.

"माणसांना रंग लावतात का?" मॅडम ओरडल्या. "जवळ जायचं, नमस्कार करायचा आणि विचारायचं, तुम्ही किती जण? कळलं?"

"कळलं."

सरपंच काठी घेऊन त्याला शोधत होते. म्हणून मॅडमनी त्याला गावाबाहेर धाडलं, वडावरची मधमाश्यांची पोळी मोजायला. रंभाजी वडावर चढला. पोळ्याजवळ तोंड नेलं, हात जोडले.

"नमस्कार. तुम्ही किती जण?"

सगळेच जण बाहेर आले.

"ते आग्या मोहोळ," त्याच्या सुजलेल्या तोंडाला हळद लावत मॅडम म्हणाल्या. "चार-सहा महिने राहतं नि उठून जातं. असे जीव स्थलांतरित. ते आपल्या यादीत धरायचेच नाहीत. कळलं?"

"कवलं," रंभाजी म्हणाला. जीभही सुजली होती.

सूज उतरल्यावर तो पुन्हा गावात गेला. हिंगणपिंप्रीची निम्म्याहून जास्त माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. रंभाजीनं ती सगळी खोडली. सख्ख्या आईलाही सोडलं नाही. यादीत तीनशे चाळीस उरले.

मॅडमनी डोकं धरलं. "अहो, ती आपलीच माणसं! इथं जन्मला तो इथला. एकही जीव सोडू नका. उद्या यादी तालुक्याला द्या."

सही त्यांनी कोऱ्या तक्त्यावर आधीच केली होती. कामाचा उरक असाच असतो.

रंभाजीनं माणसं लिहिली. करडं लिहिली, कोंबडीची पिल्लं लिहिली. मग तो तळ्यावर गेला. पावसाळा होता, बेडकांची पिल्लं नुसती वळवळत होती. बेरीज आली एकसष्ट हजार चारशे बारा.

तालुक्यात ती कुणाला चुकीची वाटली नाही. तक्त्यावर सही होती. साहेब मात्र हादरले. "जमीन तेवढीच, पाणी तेवढंच आणि तोंडं एकसष्ट हजार! निसर्गाला हे झेपणार नाही," असं टिपण त्यांनी लिहिलं. दवाखान्याची फाइल बंद केली आणि कुटुंब नियोजनाची गाडी पाठवून दिली.

गाडी गावात शिरली आणि केशरला कळा सुरू झाल्या. जन्म थांबवायला आलेल्या गाडीत पहिलं काम झालं ते बाळंतपणाचं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. रंभाजी गाडीच्या चाकाला टेकून रडला.

गाडीतल्या डॉक्टरांनी हात धुतले आणि कागद बघितला. "आता ज्यांनी हा आकडा एवढा वाढवलाय, त्यांना आणा बरं."

रंभाजी डोळे पुसत धावला. अर्ध्या तासानं झाकलेली बादली घेऊन आला. त्यातली एक जाडजूड बेडकी काढून त्यानं अलगद टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, हिच्यापासून सुरू करा. एका पावसात चार हजार झालीत हिला. बाकीच्या रांगेत थांबेनात."