पहिल्या बक्षिसाचे जाळे

आठ पायांच्या कोळ्यांच्या त्या राज्यात जाळे विणणे हीच विद्या होती. ती लहानग्या कोळ्यांना यावी म्हणून दरवर्षी कुंपणावर मुलांच्या जाळ्यांचे प्रदर्शन भरे, आणि त्यातली जाळी आया विणत. हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कुणी नसे.

तंतुमती कोळीण शिकलेली होती. जाळ्याची व्याख्या तिला अजून पाठ होती. तिची लेक रेसू मात्र दोन काड्यांमध्ये वेडेवाकडे धागे ओढत बसली होती. मध्येच थांबून रेसू म्हणाली, "आई, माशी जाळ्याला चिकटते. मग आपण का नाही चिकटत?"

तंतुमती जन्मभर जाळ्यावरून चालत आली होती. पण हा प्रश्न तिला कधी परीक्षेत आला नव्हता.

"असल्या चौकशा करत बसलीस तर जाळं व्हायचं कधी?"

एवढ्यात शेजारची चिवटाबाई डोकावली. "अगोबाई, एवढंच झालंय? आमच्या बबडूचं तर दवासकट तयार आहे हो! सगळं त्याचं त्यानंच केलं, मी नुसती बघत होते." बोलता बोलता तिने विणून विणून धरलेली कंबर हळूच चोळली.

ती गेल्यावर तंतुमतीने रेसूचे धागे खाऊन टाकले. कोळ्यांत धागा वाया घालवत नाहीत.

"ते माझं होतं ना?"

"हेही तुझंच आहे, राजा. फक्त नीट आहे," तंतुमती म्हणाली आणि विणायला बसली.

प्रदर्शनात रेसूने पाठ केलेले भाषण न अडखळता म्हटले. परीक्षक असलेले म्हातारे गुरुजी खूश झाले. "शाब्बास! आता जरा जाळ्यावरून चालून दाखव बरं, बाळ."

रेसूने पाऊल टाकले, ते चिकटले. ते सोडवायला दुसरे टाकले, तेही चिकटले. धडपडत ती अशी गुरफटली की तिचे पायच दिसेनात. तंतुमती धावणारच होती, तोच गुरुजींनी टाळ्या पिटल्या.

"वा! सावज कसं अडकतं त्याचं जिवंत प्रात्यक्षिक! पहिलं बक्षीस!"

तंतुमती थांबली. मग लेकीकडे न जाता ती पदक घ्यायला गेली.

"बघतोस काय, मेल्या?" मागे चिवटाबाई बबडूला ढोसत होती. "अडक ना तूही!" बबडूने मुकाट्याने आपल्या जाळ्यात उडी घेतली. ते पाहून इतर आयांनीही आपापल्या मुलांना पुढे ढकलले.

"आई, सोडव ना गं," रेसू म्हणाली. पाहुणे होते म्हणून हळूच म्हणाली.

वारा सुटला तशी कुंपणावरची सगळी जाळी सुरेख झुलू लागली. प्रत्येकात एकेक मूल होते. काही मुले अजून भाषण म्हणत होती. एक माशी त्या सगळ्यांवरून आरामात उडत आली आणि तंतुमतीच्या गळ्यातल्या पदकावर बसली. तंतुमती मान खाली घालून त्या माशीकडेच बघत राहिली; मान वर केली असती, तर समोर अडकलेली रेसू दिसली असती.