चंपाचं अर्धं तिकीट

कुसळवाडीत कोंडिबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? तर सांगितलेलं ऐकायचा. ऐकतो आपणही, पण आपण ऐकून सोडून देतो. कोंडिबाला सोडून देणं जमायचं नाही. एकदा एका लग्नात त्याला मांडवाच्या दाराशी उभं केलं आणि सांगितलं, "कुणालाही उपाशी जाऊ देऊ नको." त्याने नवरदेवाचा घोडा पंगतीला बसवला. घोड्याने दोन पत्रावळी जिलबी खाल्ली आणि तिसरी पत्रावळच खाल्ली.

असल्या गुणांमुळे त्याचं काम कुठे टिकायचं नाही. त्याची बायको हौसा कंटाळून गेली होती. शेवटी तिच्या मामाने ओळख काढून त्याला शहराच्या टेकडीवरच्या प्राणीसंग्रहालयात चिकटवलं. उन्हाळी महोत्सवाचे दिवस होते, माणसं हवीच होती. काम दोन महिन्यांचं, तात्पुरतं.

तिथे चंपा नावाचं एक अस्वल होतं. तिचा जुना रखवालदार निवृत्त झाल्यापासून तिने जेवण टाकलं होतं. मध दिला, कलिंगड दिलं, बर्फात गोठवलेली केळी दिली. चंपा भिंतीकडे तोंड करून बसायची. कोंडिबा पहिल्याच दिवशी तिच्या जाळीपाशी गेला आणि म्हणाला, "खा की गं बाय." चंपाने मान वळवली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि अख्खं कलिंगड संपवलं.

संग्रहालयाच्या मुख्य नाडकर्णी बाई हे लांबून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "कोंडिबा, महोत्सव संपेपर्यंत नीट वागलास तर तुला चंपाचा कायमचा रखवालदार करते."

कायमचा हा शब्द कोंडिबाला आजवर कुणी लावला नव्हता. नीट वागायचं, एवढंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम खंडागळ्यांनी त्याला हरणांच्या कुंपणापाशी उभं केलं. म्हणाले, "इथं थांब आणि हरणांवर लक्ष ठेव."

दुपारी मुकादम येऊन बघतात, तर हौद कोरडा, हरणं जीभ काढून धापा टाकतायत आणि कोंडिबा डोळे ताणून उभा.

"सकाळपासनं नजर काढली न्हाई, मुकादम. त्या ठिपकेवालीनं एकशेबारा येळा जीभ भायेर काढली."

"अरे, मग पाणी?"

"पाण्याचं तुमी बोलला न्हाईत."

मुकादमांनी कपाळाला हात लावला. "ऐक. या उन्हात कोणी धापा टाकताना दिसलं की विचारत बसायचं नाही. सरळ पाण्याचा फवारा मारायचा. डोक्यात शिरलं का?"

"शिरलं."

आणि खरंच शिरलं. कोंडिबाच्या डोक्यात शिरलेली गोष्ट तिथेच बिऱ्हाड करून राहायची.

दुसऱ्या दिवशी महोत्सवाचा पहिला कार्यक्रम होता, आजी-आजोबांची टेकडी फेरी. पांढरे लेंगे, इस्त्रीच्या साड्या, डोक्याला टोप्या, बरोबर नातवंडं, अशी चाळीसेक ज्येष्ठ मंडळी पायथ्यापासून चढून वर आली. चढण उभी. सगळ्यात पुढे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते फाटकात कंबरेवर हात ठेवून थांबले आणि धापा टाकू लागले.

कोंडिबाने विचारलं नाही. हत्तीला आंघोळ घालायची नळी ओढली आणि सरांपासून सुरुवात केली.

नातवंडांना हा कार्यक्रम इतका आवडला की ती नळीपुढे पुन्हा पुन्हा रांग लावू लागली. मुख्याध्यापकांना आवडला नाही. त्यांच्या खिशात भाषण होतं, त्याचा लगदा झाला.

"अरे माणसं होती ती," मुकादम म्हणाले. "बाहेरून कोणी दमून आलं तर त्याला आत ऑफिसात न्यायचं, पंख्याखाली खुर्चीवर बसवायचं, गार सरबत द्यायचं, कुठून आलात म्हणून विचारायचं. डोक्यात शिरलं का?"

"शिरलं."

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी वनखात्याची जीप आली. एका द्राक्षबागेच्या विहिरीत पडलेली घोरपड त्यांनी पोत्यात घालून आणली होती. फाटकावर कोंडिबा एकटाच. वनरक्षक म्हणाला, "लई लांबनं आणलीय. दमलीय बिचारी. नीट बघा." आणि जीप गेली.

नाडकर्णी बाई जेवून परत आल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीत घोरपड बसली होती. पंखा पाचवर होता. समोर कोकम सरबताचा पेला होता आणि शेजारी कोंडिबा अदबीनं उभा होता.

"कुठनं आलात इचारलं," तो हळूच म्हणाला. "पण सांगत न्हाईत."

घोरपडीची पकड कशी असते हे वेगळं सांगायला नको. चौघांनी ओढली, खुर्ची सुटेना. शेवटी घोरपड खुर्चीसकट तिच्या पिंजऱ्यात ठेवली आणि बाईंनी तीन दिवस स्टुलावर बसून काम केलं. मुकादम मात्र कोंडिबावर कडाडले.

"बाहेरून काही आलं, की आधी मागच्या क्वारंटाइनच्या खोलीत! काय आजार घेऊन आलंय कुणाला ठाऊक? वजन करायचं, पाटीवर लिहायचं, केळ्यात घालून जंताची गोळी द्यायची आणि पंधरा दिवस कुलूप. कितीही ओरडू दे, उघडायचं नाही. डोक्यात शिरलं का?"

"शिरलं," कोंडिबा म्हणाला. या वेळी त्याने तीनदा घोकलं. चंपापाशी जाऊन तिलाही म्हणून दाखवलं. काही झालं तरी आता चुकायचं नव्हतं.

रविवारी पक्षीमित्र वर्टीकर व्याख्यानाला यायचे होते. साठ कुटुंबं मुलाबाळांसकट मांडवात बसली होती. वर्टीकर रात्रभर गाडीत बसून आलेले, मागच्या फाटकाने चुकून आत शिरले. खांद्याला झोळी, गळ्यात दुर्बीण.

कोंडिबाने विचारलं, "भायेरनं आलात?"

"हो, बाहेरूनच. थेट नागपूरहून."

"मग हिकडं या."

वर्टीकर निमूटपणे मागे गेले. चारा तोलायच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं तेव्हा त्यांना जरा नवल वाटलं, पण नवीन जागा, इथली पद्धत असेल म्हणून ते उभे राहिले. केळं त्यांनी आनंदाने खाल्लं, कारण भूक लागली होती. मग कुलूप लागलं.

वर्टीकर ओरडले. मोरांनी त्यांना उत्तर दिलं. ते आणखी ओरडले, मग गेंडासुद्धा फुरफुरला. कोंडिबाने उघडलं नाही. दोन तासांनी त्यांना शोधत मुकादम मागे आले आणि दारावरची पाटी वाचू लागले. पाटीवर लिहिलं होतं: 'नर. बहात्तर किलो. केळं खातो. आवाज मोठा.'

पुढचा प्रसंग थोडक्यात सांगतो. स्वतः नाडकर्णी बाईंनी कुलूप काढलं, हात जोडून माफी मागितली, शाल दिली, नारळ दिला आणि वर्टीकरांना आपल्या गाडीतून स्टेशनवर सोडायला गेल्या. वाटेत त्यांना तीनदा गाडी थांबवावी लागली. गोळी चांगल्या कंपनीची होती.

मुकादमांचा आवाज बसला होता. ते बसल्या आवाजातच म्हणाले, "बघितलंस? परगावचं कोणी आपल्याकडून कोंडलं गेलं, तर असं करायचं असतं. दार उघडायचं. हात जोडायचे. शाल-नारळ द्यायचा. आणि त्याला त्याच्या गावच्या गाडीत नीट बसवून यायचं. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं."

"आणि आता एक जरी चूक केलीस, तर तू घरी. मग चंपाही नाही नि काही नाही."

कोंडिबाचं तोंड एवढंसं झालं. तो पुढचे पंधरा दिवस इतका जपून वागला की लोकांना तो आजारी वाटला. हरणांना पाणी वेळेवर, आजोबांना सरबत वेळेवर. काही सांगायला लागू नये म्हणून मुकादम त्याच्याशी बोलतच नव्हते, आणि त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

महोत्सवाचा शेवटचा दिवस आला. चार वाजता चंपाचा बर्फाचा केक होता. कलिंगड, केळी, आंब्याच्या फोडी घालून गोठवलेली ही मोठी लादी. ती चंपा लोकांसमोर खाणार, आणि मग बाई कोंडिबाचं नाव जाहीर करणार. हौसासुद्धा गावाहून नवी साडी नेसून यायची होती. मांडवात पाहुण्यांची भाषणं चालू होती. कोंडिबा लादी पाटीत घालून एकटाच चंपाच्या पिंजऱ्यापाशी आला.

जाळीवर एक फलक होता. कोंडिबाने तो रोज पुसला होता, वाचला कधी नव्हता. आज वेळ होता म्हणून एकेक अक्षर लावून वाचला. 'चंपा. मादी. मूळ ठिकाण: काळमोडीचं जंगल. येथे अकरा वर्षांपासून.'

कोंडिबाने बर्फाची पाटी खाली ठेवली.

परगावची होती. आणि कोंडलेली होती. वर्टीकर दोन तास कोंडले गेले तर केवढी माफी, केवढी शाल. हिला अकरा वर्षं झाली आणि कुणी साधे हात जोडले नव्हते. आपण पिंजऱ्याला रोज बाहेरून कुलूप लावलं, याची त्याला फार लाज वाटली.

त्याने दार उघडलं. हात जोडले. म्हणाला, "चुकलं बाय आमचं."

मांडवाच्या मागे पाहुण्यांसाठी शाल-नारळाची ताटं मांडली होती. त्यातलं एक त्याने उचललं. शाल चंपाच्या खांद्यावर टाकली, नारळ तिच्या पुढ्यात ठेवला. नारळ तिने जागच्या जागी फोडून खाल्ला. मग बर्फाची पाटी घेऊन तो पुढे आणि शाल पांघरून चंपा मागे, असे दोघे मागच्या फाटकातून टेकडी उतरले.

स्टँडवर काळमोडीची गाडी लागलेली होती. उन्हामुळे उतारू सावलीला उभे होते. कोंडिबाने चंपाला महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर खिडकीशी बसवलं आणि बर्फ मांडीवर दिला. कंडक्टर मशीनकडे बघत चढला.

"कुठं?"

"काळमोडी. दोन. त्यातली एक बाई हाय."

"एक फुल, एक अर्धं," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं देण्यासाठी हात पुढे केला. मग त्याने मान वर केली. तिकिटं कोंडिबाच्या हातात राहिली आणि कंडक्टर ड्रायव्हरच्या दाराने गेला. ड्रायव्हर त्याच्या आधीच गेला होता.

पाच मिनिटांत अख्खं स्टँड पलीकडच्या कापड दुकानात उभं होतं. तेवढ्यात टेकडीवरून सगळी मंडळी धावत आली. सगळ्यात पुढे नाडकर्णी बाई. भर उन्हात त्या एवढं अंतर पळत आल्या होत्या. गाडीच्या दाराशी थांबून त्या धापा टाकू लागल्या.

कोंडिबाने विचारलं नाही. पाणपोईतली बादली उचलली आणि बाईंच्या डोक्यावर रिकामी केली.

मुकादमांनी डोळे मिटून घेतले.

कोंडिबाने बाईंना हात देऊन वर घेतलं, चंपाच्या शेजारच्या बाकावर बसवलं, वितळलेल्या बर्फाचं कलिंगड घातलेलं पाणी पेल्यात दिलं आणि विचारलं, "कुठनं आलात?"

बाईंनी पेला हातात धरला. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. "कोंडिबा," त्या म्हणाल्या, "हे काय केलंस तू?"

"हिला तिच्या गावाला पोचवतोय, बाईसाहेब. अकरा वर्सं कोंडली हुती. मुकादमांनी सांगितलं तसंच समदं केलंय. हात जोडलं, शाल दिली, नारळ दिला."

बाई हळू म्हणाल्या, "अरे, तिची आई मेली तेव्हा हिचे डोळेही उघडले नव्हते. बाटलीनं दूध पाजून वाढवलीय. काळमोडीत तिचं कोणी नाही."

"आसं व्हय." कोंडिबा विचारात पडला. "मग तिकीट वाया गेलं की."

"हाकला बाई याला," मुकादम म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

पण आधी चंपा उतरायला हवी होती. मुकादमांनी केळं दाखवलं. चंपाने खिडकीकडे तोंड फिरवलं. सहा जणांनी दोर लावून ओढलं. चंपा हलली नाही, गाडी हलली. बाईंनी लाडाने हाका मारल्या. तेव्हा चंपाने डोळे मिटून घेतले.

"चल गं बाय," कोंडिबा म्हणाला आणि खाली उतरला. चंपा शाल सावरत त्याच्यामागे उतरली आणि तशीच टेकडी चढून आपल्या जागी गेली.

बाईंनी हे पाहिलं. ओला पदर पिळला आणि मुकादमांना म्हणाल्या, "याची कायमची ऑर्डर काढा." मग कोंडिबाकडे वळून बोट उगारून म्हणाल्या, "आणि तू! आजपासून चंपाला सोडून कुठं जायचं नाही. आणि इथले नियम काटेकोर पाळायचे. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं," कोंडिबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

गर्दीत चुकामूक झालेली हौसा मामाकडे मुक्कामाला गेली. नवरा कायम झाला हे तिला तिथेच कळलं. सकाळी ती पेढे घेऊन टेकडीवर आली. चंपाचा पिंजरा रिकामा होता. शोधत शोधत ती मागे गेली, तर क्वारंटाइनच्या खोलीत जाळीच्या पलीकडे चंपा बसली होती आणि अलीकडे कोंडिबा. कुलूप आतून लावलेलं. पाटीवर लिहिलं होतं: 'चंपा, मादी, नव्वद किलो. कोंडिबा, नर, अठ्ठावन्न किलो. दोघांनी गोळी खाल्ली.'

"आवं, हे काय?" हौसा म्हणाली.

"स्टँडवर जाऊन आलो न्हवं काल," कोंडिबा म्हणाला. "भायेरनं येईल त्याला पंधरा दिस. नेम हाय इथला. आता मी कायम झालोय, नेम पाळायला नको?"

हौसाने पेढ्याचा पुडा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. "मी एवढी गावावनं आले तुम्हांस्नी भेटाया..."

कोंडिबा ताडकन उठला. त्याने कुलूप काढलं, दार उघडलं आणि बायकोपुढे केळं धरलं.

"आधी काट्यावर हुबी ऱ्हा," तो म्हणाला.